पाइप आणण्याआधी माती बाटलीत घाला

काळी पांढरी होते तेव्हा

गावाची ती पांढरी आणि शेताची ती काळी, अशी आपल्याकडची जुनी वाटणी आहे. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी, मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ या पट्ट्यात मात्र काळीच पांढरी झालेली दिसते. उन्हाळ्यात सकाळी रानात गेलं की ढेकळांवर मिठाची साय धरलेली असते. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. पुढच्या वर्षी तेवढ्या तुकड्यात ऊसच नसतो, लव्हाळा असतो. शेतकरी सांगतो, ‘रान फुटलं.’

हा मुलूख मुळात कोरडा. इथे पावसाने जेवढं पाणी येतं त्याहून कितीतरी जास्त उन्हाने उडून जातं. अशा मुलखात कालवा किंवा उपसा योजना आली की पाणी वर्षभर मिळतं, पण पाण्याबरोबर मीठही येतं. याचा हिशोब सोपा आहे. पाण्याची विद्युतवाहकता मीटरला ०.५ डेसीसायमन, म्हणजे पाणी चांगलंच, असं धरलं तरी एका लिटरमध्ये सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. मोकाट पाटपाण्याने उसाला वर्षात दोन मीटर पाणी दिलं, तर हेक्टरी २०,००० घनमीटर पाणी आणि त्यातून ६.४ टन क्षार रानात येतात. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. जादा पाणी खाली साचून भूजल दीड मीटरच्या आत आलं की वात जसा तेल ओढतो तशी माती ते पाणी वर ओढते, आणि खालचं जुनं मीठसुद्धा पृष्ठभागावर येतं.

हे नवं नाही. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. आज महाराष्ट्रातल्या क्षारबाधित जमिनीचा अंदाज सहा लाख हेक्टरांच्या आसपास आहे.

उपाय माहीत आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायचे, साचलेलं पाणी बाहेर काढायचं, वरून चांगलं पाणी देऊन क्षार धुवायचे आणि मुळांना वाफसा मिळवून द्यायचा. प्रश्न येतो साहित्य निवडताना. कोणता पाइप, किती जाड, भोवती काय गुंडाळायचं, की काहीच नाही? दुकानात गेलं की सगळा वेळ पाइपच्या भावावर जातो. माझ्या मते भाव विचारायची वेळ नंतरची आहे. आधी मातीला विचारायचं.

खारवट की चोपण

वरून दोन्ही जमिनी सारख्याच ओसाड दिसतात, पण आतला रोग वेगळा. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता चार डेसीसायमनच्या वर जाते, पण मातीची घडण शाबूत असते. क्षारांमुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि पाणी मुरतं. अशा जमिनीत निचरा झाला आणि पाणी सोडलं की क्षार धुऊन निघतात. एक फूट मातीतून एक फूट पाणी खाली गेलं तर त्या थरातले साधारण ८० टक्के क्षार निघून जातात, असा ढोबळ नियम आहे.

चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू साडेआठच्या वर. पाऊस पडला की ती साबणासारखी निसरडी होते, वाळली की दगड. पाणी डबक्यात उभं राहतं, खाली जात नाही. नुसता पाइप इथे काम करत नाही, कारण पाणी पाइपपर्यंत पोचतच नाही. आधी जिप्समचा कॅल्शियम देऊन सोडियमला कणांवरून हटवावं लागतं. जिप्सम किती टाकायचं ते माती तपासूनच ठरतं. शेजाऱ्याने एकरी किती टाकलं ते विचारून ठरत नाही.

कृष्णाकाठी बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र आहेत, आणि साहित्य निवडताना घोटाळा नेमका इथेच होतो. आज त्या मातीत मीठ भरपूर आहे म्हणून ती शांत बसली आहे. पाइप पडले, दोन पावसाळे झाले, मीठ धुऊन गेलं, सोडियम मात्र मागे राहिला. आता तीच माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते, आणि सुटलेला गाळ पाइपच्या फटींकडे धावतो. म्हणून पाइपभोवतीची गाळणी आजच्या मातीसाठी निवडायची नसते, क्षार गेल्यावर माती जशी वागेल तिच्यासाठी निवडायची असते. पुढचं सगळं यावर बेतलेलं आहे.

उसाचंही सांगितलं पाहिजे. ऊस क्षारांना बऱ्यापैकी नाजूक आहे. वाहकता १.७ डेसीसायमनच्या वर गेली की दर डेसीसायमनला उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटतं. रान आठवर पोचलं असेल तर एक तृतीयांशाहून जास्त ऊस गेलाच म्हणायचा, मग खत कितीही घाला.

पाणी जाणार कुठे

भारी काळ्या जमिनीत या भागात रानातलं पाणी ओढणारे सच्छिद्र पाइप, म्हणजे लॅटरल, साधारण एक ते सव्वा मीटर खोल आणि २० ते ३० मीटर अंतराने टाकतात. त्यांचं पाणी गोळा करणारा कलेक्टर त्याहून खोल जातो. त्याचं तोंड उघडतं ते ओढ्यात. तेव्हा ओढ्याचा तळ त्याहून खाली हवा. गाळाने भरलेला, लव्हाळ्याने झाकलेला ओढा तसाच ठेवून रानात महागडे पाइप घातले तर तो पैसा मातीत गेला. ओढा साफ करणं हे साहित्य निवडण्याआधीचं काम.

हरियाणातल्या सपाट प्रदेशात ओढ्याचा उतारच मिळत नाही. तिथे पाणी विहिरीसारख्या हौदात जमवून पंपाने उपसावं लागतं, आणि वीज व माणूस दोन्ही कायम लागतात. आपल्याकडे नदीकडे नैसर्गिक उतार आहे, ही मोठी कमाई आहे. मात्र २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला की हीच तोंडं पुराखाली जातात आणि पुराचं गढूळ पाणी उलटं पाइपात शिरतं. म्हणून तोंडावर एका बाजूनेच उघडणारी झडप बसवावी. शेवटचे चार-पाच मीटर बिनछिद्रांचा जाड पाइप घालावा आणि तोंडाला जाळी लावावी. खेकडे आणि उंदीर आत घर करतात.

एकट्याच्या रानातून हे सहसा होत नाही, कारण कलेक्टर दुसऱ्याच्या बांधाखालून जातो. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून ही कामं केली, ती यामुळेच शक्य झाली.

पाइप

पूर्वी भाजक्या मातीचे नळ वापरत, एकाला एक लावून. सिमेंटचे नळही वापरले गेले, पण सल्फेटयुक्त खाऱ्या पाण्यात साधं सिमेंट कुरतडलं जातं. आता जगभर नालीदार प्लास्टिकचा पाइप वापरतात. वळ्यांमुळे कमी प्लास्टिकमध्ये जास्त ताकद मिळते, वजन हलकं राहतं आणि लहान व्यासाचा पाइप गुंडाळीत येतो, त्यामुळे सांधे कमी लागतात. आपल्याकडे पीव्हीसीच्या अशा पाइपसाठी आयएस ९२७१ हे भारतीय मानक आहे. पाइपवर तो शिक्का आहे का ते पाहावं.

पीव्हीसी की एचडीपीई, यावर बराच वाद घातला जातो. जमिनीखाली गेल्यावर दोन्ही टिकतात. फरक पडतो तो जमिनीवर. पीव्हीसी उन्हात ठेवला तर ठिसूळ होतो. चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या जागी त्याची साठवण करू नये, आणि आपली कामं नेमकी एप्रिल-मे महिन्यांत निघतात. गुंडाळ्या आल्या की झाडाखाली किंवा ताडपत्रीखाली ठेवाव्यात. एचडीपीई तितक्या लवकर ठिसूळ होत नाही, पण उन्हात तापून मऊ झालेला पाइप ओढताना ताणला जातो आणि मग मातीच्या भाराखाली चपटा होतो. मिळेल त्यातला मानकाचा पाइप घ्यावा आणि तो सावलीत जपावा. माझा तरी याहून वेगळा सल्ला नाही.

फटींकडे मात्र डोळ्यात तेल घालून पाहायला हवं. कारखान्यात वळ्यांच्या खोबणीत कापलेल्या फटी एक-दोन मिलिमीटर रुंद आणि पाइपभोवती सगळीकडे सारख्या असतात. बोटाने चाचपून पाहा. फट अर्धवट कापलेली असेल किंवा प्लास्टिकची कुसळं लोंबत असतील तर गाळ तिथेच अडकतो. घरगुती पाइप आणून ड्रिलने भोकं पाडण्याचा मोह टाळावा. ड्रिलचं भोक पाच-सहा मिलिमीटरचं होतं, कडा खडबडीत राहतात आणि माती सरळ आत जाते.

व्यासाचा हिशोब स्वतः करता येतो. कोरड्या मुलखात क्षार काढण्यासाठी रोज दोन मिलिमीटर निचरा धरतात. लॅटरल २०० मीटर लांब आणि अंतर २५ मीटर असेल तर त्याच्या वाट्याला अर्धा हेक्टर येतो. म्हणजे दिवसाला १० घनमीटर, सेकंदाला जेमतेम ०.१२ लिटर. ८० मिलिमीटरचा नालीदार पाइप हजारात एक इतक्या उतारावर सेकंदाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी नेतो. पावसाळ्यासाठी निचरा दुप्पट धरला तरी तो पुरून उरतो. लॅटरलसाठी मोठा व्यास घेणं म्हणजे हवा वाहून नेण्यासाठी पैसे देणं. ते पैसे कलेक्टरवर खर्च करावेत. तिथे कसर चालत नाही. १६० मिलिमीटरचा नालीदार पाइप त्याच उतारावर सुमारे चार लिटर नेतो. दोन मिलिमीटरच्या हिशोबाने ते १७ हेक्टरांचं पाणी झालं, आणि गाळासाठी चौथाई क्षमता सोडली तर १३ हेक्टरांचं. त्याहून मोठा गट असेल तर २०० मिलिमीटरचा पाइप घ्यावा.

गाळणी: सगळ्यात अवघड निवड

पाइपभोवतीच्या आवरणाला सगळे फिल्टर म्हणतात, आणि त्या शब्दानेच गैरसमज होतो. चहाची गाळणी पावडर पूर्ण अडवते, तशी ही गाळणी माती पूर्ण अडवेल अशी अपेक्षा ठेवली जाते. पण सगळं अडवणारी गाळणी काही महिन्यांत स्वतःच लिंपली जाते. चांगलं आवरण अगदी बारीक कणांना पाइपात जाऊ देतं, कारण ते वाहत्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. ते अडवतं त्याहून मोठ्या कणांना. अडलेल्या कणांची आवरणाबाहेर एक नैसर्गिक जाळी तयार होते आणि खरं गाळण्याचं काम तीच पुढे करते. आवरणाचं दुसरं काम म्हणजे पाण्याला फटीपर्यंत मोकळी वाट देणं. ते याहूनही मोलाचं, पण त्याचं नाव कोणी काढत नाही.

सगळ्यात जास्त पळणारी माती म्हणजे बारीक वाळू आणि गाळाचे मोठे कण, ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरचे. ते चिकटत नाहीत आणि जडही नसतात. रोहतकजवळ सांपला, गोहाना या हरियाणातल्या क्षेत्रांत अशी रेताड पोयट्याची जमीन आहे. तिथे आवरणाशिवाय पाइप टाकणं म्हणजे तो गाडून टाकणं. काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी. तिच्यात चिकणमाती निम्म्याहून जास्त असते आणि कण एकमेकांना धरून असतात. इजिप्तमध्ये चिकणमाती ३० टक्क्यांच्या वर असेल तर आवरण न घालण्याची पद्धत आहे. हा नियम ऐकून आपल्याकडेही काहीजण म्हणतात की काळ्या रानात फिल्टर कशाला. खारवट आणि स्थिर मातीपुरतं ते बरोबर आहे. पण सोडियम असेल तर मागे सांगितलेली गोष्ट घडते. क्षार धुतले जातात, चिकणमातीची पकड सुटते आणि निम्म्याहून जास्त चिकणमाती असलेलं रानसुद्धा गाळासारखं वाहतं. म्हणून टक्केवारीवर थांबू नये.

आता साहित्याकडे येऊ. वाळू आणि बारीक खडीचं मिश्रण हे सर्वांत जुनं आणि भरवशाचं आवरण. पाइपभोवती चारही बाजूंनी साडेसात ते दहा सेंटिमीटरचा थर हवा. सगळ्यात मोठा खडा ३८ मिलिमीटरच्या आतला आणि धूळ पाच टक्क्यांहून कमी. दगडखाणीची न धुतलेली कच आणली तर तिच्यातली भुकटीच फटी बुजवते. शिवाय लहान-मोठे खडे मिसळूनच टाकले पाहिजेत. ट्रॉलीतून ओतताना मोठे खडे घरंगळून एका बाजूला जातात आणि पाइपचा काही भाग उघडा राहतो. दर्जेदार वाळू मिळणं आता कठीण आहे आणि तिचा वाहतूकखर्च पाइपला मागे टाकतो. जवळ चांगली वाळू असेल तरच हा मार्ग.

नारळाचा काथ्या आपल्या ओळखीचा आणि स्वस्त. थंड देशांतही तो अनेकदा काही वर्षांतच कुजला. आपली माती उष्ण आणि उसामुळे वर्षभर ओली, त्यात तो आणखी लवकर कुजतो. तीस वर्षांच्या कामाला काही वर्षांचं आवरण घालू नये. गोणपाटही कुजतं. खताच्या प्लास्टिक पोत्याचं कापड कुजत नाही, पण त्याची वीण इतकी घट्ट आणि पातळ की ते चिकणमातीने लिंपलं जातं. शेडनेटची भोकं फार मोठी, माती थेट आत जाते.

राहिलं पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंचं आवरण, कारखान्यातच पाइपभोवती गुंडाळून येणारं. आज बहुतेक ठिकाणी मी हेच सुचवीन, पण त्यातही दोन प्रकार आहेत. एक पातळ कापड, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. दुसरा तीन-चार मिलिमीटर किंवा अधिक जाडीचा, लोकरीसारखा फुगीर. पातळ कापडाला गाळ धरायला खोलीच नसते. एक थर बसला की वाट बंद. फुगीर आवरणात काही वाटा बंद झाल्या तरी बाकीच्या चालू राहतात. सोडियमवाल्या जमिनीसाठी फुगीर आवरणच घ्यावं.

छिद्रांच्या मापाला ओ-९० म्हणतात, आणि विक्रेत्याने हा आकडा लेखी दिलाच पाहिजे. मातीच्या ९० टक्के कणांचं माप आणि हा आकडा यांचं गुणोत्तर जाडीनुसार ठरतं. मिलिमीटरभर जाडीच्या कापडाला साधारण अडीचपट चालतं, तीन मिलिमीटरला तिप्पट, पाच किंवा अधिक जाडीला पाचपट. पण कोणत्याही परिस्थितीत छिद्र ०.२ मिलिमीटरहून लहान नको. म्हणजे रानातल्या मातीचे ९० टक्के कण ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक असतील आणि आवरण तीन मिलिमीटर जाड असेल, तर ०.२ ते ०.३ मिलिमीटरचं छिद्र मागावं. बारीक छिद्र म्हणजे भारी माल, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

बाटलीतली परीक्षा

मातीची यांत्रिक तपासणी, म्हणजे कणांच्या मापाची, प्रयोगशाळेतून करून घ्यावी. पण एक परीक्षा घरी होते, आणि ती मला फार मोलाची वाटते. पाइप जिथे बसणार तिथली, सव्वा मीटर खोलीवरची माती घ्या. वरची नको. तिचं बोराएवढं ढेकूळ सावलीत वाळवा. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत किंवा ग्लासात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या आणि ढेकूळ अलगद सोडा. न हलवता दोन तास ठेवा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहा.

ढेकूळ फुटून खाली पडलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर माती स्थिर आहे. ढेकळाभोवती दुधासारखा ढग उठला आणि तो तळभर पसरला, तर कण सुटतात, सोडियम आहे. आता तसंच ढेकूळ विहिरीच्या खाऱ्या पाण्यात टाका. खाऱ्या पाण्यात स्वच्छ आणि पावसाच्या पाण्यात दुधाळ असा फरक दिसला, तर पाइप टाकल्यावर दोन पावसाळ्यांनंतर तुमच्या रानाचं काय होणार ते आज ग्लासात दिसलं. तिथे जाड आवरण आणि जिप्सम दोन्ही लागतील. दोन्ही ग्लास स्वच्छ राहिले आणि चिकणमाती भरपूर असेल, तर कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना दाखवून आवरणाशिवाय काम करता येतं का ते जरूर विचारा. खर्चाचा मोठा भाग वाचू शकतो. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र याच भागातल्या जमिनींवर काम करतं.

चर काढताना आणि बुजवताना

उत्तम साहित्यही एका चुकीने वाया जातं. ओल्या काळ्या रानात पोकलेनने चर काढला की बकेटच्या दाबाने चराच्या भिंती कुंभाराने हात फिरवल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्यातून पाणी झिरपत नाही. चिखलात ठेवलेल्या पाइपचं आवरण पहिल्याच दिवशी लिंपतं. ऊस तुटल्यावर रान कोरडं असताना, वळवाच्या आधी काम उरकावं.

भारी जमिनीत पाणी पाइपकडे जातं ते मुख्यतः चर बुजवलेल्या मोकळ्या मातीतून. म्हणून खोदताना वरची भुसभुशीत माती वेगळी ठेवावी, तीच आधी पाइपवर घालावी आणि चोपण असेल तर तिच्यात जिप्सम मिसळावं. चर बुजवल्यावर लगेच मोकाट पाणी सोडू नये. माती बसायच्या आत भेगांतून गाळ सरळ पाइपवर कोसळतो. उतार प्रत्येक काही मीटरवर लेव्हलने तपासावा. जिथे पाइप मध्येच खाली बसला, तिथे गाळ बसलाच. लॅटरल कलेक्टरला मिळतो तिथे काही ठिकाणी तपासणी हौद ठेवावेत, नाहीतर पुढे तुंबलं कुठे ते शोधायला सगळं रान उकरावं लागतं.

पाइपशिवाय

ज्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर आहे आणि बाटलीची परीक्षा स्वच्छ आली, तिथे मोल नांगराने अर्धा-पाऊण मीटर खोलीवर, तीन ते पाच मीटर अंतराने नुसते बोगदे ओढता येतात. पाइप नाही, आवरण नाही. ते काही वर्षांत बुजतात आणि पुन्हा ओढावे लागतात, पण खर्च फार कमी. दुधाळ मातीत मात्र हे बोगदे पहिल्या पावसातच बसतात.

आणि पाइप पडल्यावरही पाटाने पहिल्यासारखंच पाणी सोडत राहिलं तर कोणतंही साहित्य पुरणार नाही. ठिबक हा या प्रणालीचाच भाग समजावा.

या पावसाळ्यात पहिल्या दोन-तीन सरी जाऊ द्या, छप्पर धुऊन निघू द्या, आणि मग पत्र्यावरून पडणारं पाणी दोन बाटल्या भरून झाकून ठेवा. दिवाळीनंतर रानात खड्डा घेऊन सव्वा मीटर खालची माती काढा आणि त्या पाण्यात टाकून पाहा. पाइपचा भाव त्यानंतर विचारा.